मेडिकलच्या आधीचा फ्लेक्स

आमच्या कराडच्या बाजूला घरटी एक फौजी. पोरगं निवडलं गेलं की स्टँडवर फ्लेक्स लागतो. पण तो मेडिकल झाल्यावर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या मला मात्र तेवढा दम निघाला नाही. मुलगा हवाई दलाच्या मुलाखतीत पास झाला आणि मी दुसऱ्याच दिवशी ‘गावचा पहिला वैमानिक’ म्हणून त्याचा फोटो स्टँडवर टांगला.

“आई, मेडिकल हाय अजून. थांब की जरा,” तो म्हणत होता. मी कुणाचं ऐकलंय आजवर?

मेडिकलमध्ये हृदयाचे ठोके अनियमित निघाले. फेरतपासणीतही तेच. एसटीनं परत आला तो स्वतःच्याच फोटोखाली उतरला. फ्लेक्स मी त्याच दिवशी काढला, पण बघायचं ते सगळ्यांनी बघितलं होतं. माझी मलाच लाज वाटत होती.

पोरगं बोलायचं बंद झालं. मग मी माझ्या वर्गातली एक गोष्ट काढली. अमेरिकेनं पहिले सात अंतराळवीर निवडले, त्यातल्या एकाचेही ठोके असेच चुकायचे. त्याचं उड्डाण रद्द झालं. गडी हटला नाही. दुसऱ्यांना वर पाठवायचं काम करत राहिला आणि पन्नाशी उलटल्यावर एकदाचा अंतराळात जाऊन आला. रोज जेवताना मी हेच दळण दळायची.

महिनाभर त्यानं ऐकून घेतलं. मग एका दुपारी घास तसाच ठेवून म्हणाला, “आई, त्याला घरी न्हाई धाडलं त्यांनी. तिथंच ठिवला, काम दिलं. मला कुणी ठिवलाय?”

इतकी वर्षं ही गोष्ट शिकवली, पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“मग आता काय करणार तू?” मी शेवटी विचारलं.

“तूच सांग. तू म्हणशील ते करतो.”

पाचवीत असल्यापासून या पोरानं विमानाशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि काय करू म्हणून मला कधी विचारलंही नव्हतं. आज विचारत होता. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.