परक्या देशात ऐकलेले दोन शब्द

देव नाही असं मी कधी म्हटलं नाही. पण धाकटा भाऊ गेल्यावर देव आपलं काही ऐकतो यावरचा माझा विश्वास उडाला होता. लढाईत मराठा पलटणीबरोबर भाऊ इटलीत गेला आणि तिथंच कामी आला. आमच्या सोनई गावी तार आली तेव्हा मी शाळेत मुलांना शिकवत होतो. तारेत तो गेला एवढंच होतं. कुठं गेला, कसा गेला, शेवटी जवळ कोण होतं, यातलं काही नव्हतं. आई रडली आणि पुढं कितीतरी महिने दळताना, भाकरी थापताना मध्येच थांबून विचारायची, "मरताना त्याच्या तोंडात पानी कुनी घातलं आसंल रं?" मी त्या काळी एकादशीला देवळात कीर्तन करत असे. देव अनाथांचा नाथ आहे, हाकेला धावतो, असं रंगवून सांगत असे. घरी आल्यावर आईच्या त्या प्रश्नापुढं मात्र मान खाली जायची. शेवटी मी कीर्तन बंद केलं. लोकांनी कारण विचारलं तर घसा बसला म्हणून सांगितलं.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळींचे पाळकसाहेब माझ्या कीर्तनाला मागं बसून ऐकायचे. तार आली त्या दिवशी ते सायकलवरून आले आणि आईजवळ जमिनीवर बसून राहिले. तेव्हापासून त्यांचं न् माझं जुळलं. देश स्वतंत्र झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी त्यांना इटलीतून बोलावणं आलं. लढाईनं पोळलेल्या सगळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र बसावं म्हणून तिथल्या काही लोकांनी सभा भरवली होती, आणि सोबत आपल्या भागातला दुसऱ्या धर्माचा एक माणूस आणावा अशी त्यांची इच्छा होती. पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही चला."

"माझ्याजवळ तिथं सांगण्यासारखं काही उरलेलं नाही," मी म्हणालो.

"नका सांगू. पण तुमचा भाऊ ज्या मातीत आहे, ती माती तरी बघून या."

त्या एका वाक्यावर मी बोटीत चढलो. धर्माची आस्था नव्हती, सभेची तर मुळीच नव्हती.

सभा डोंगरावरच्या एका गावात, जुन्या मठाच्या मोठ्या दालनात होती. गावातली निम्मी घरं अजून पडलेलीच होती. उभ्या भिंतींवर गोळ्यांचे खड्डे होते आणि त्याच भिंतींना दोऱ्या बांधून बायकांनी धुणी वाळत घातली होती. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, इथं असेल का तो? आत दालनात मात्र शांततेवर भाषणं चालली होती. सिंहलद्वीपचे एक भिक्षू बोलले, इजिप्तचे एक मौलवी बोलले, एक ज्यू गृहस्थ बोलता बोलता मध्येच खाली बसले, त्यांना पुढं बोलवेना. मठातली एक जोगीण, म्हणजे नन, इटालियनमधलं इंग्रजीत आणि इंग्रजीतलं इटालियनमध्ये करून सांगत होती. मला कामापुरतं इंग्रजी येत होतं, तेवढं कळत होतं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, चार गोड वाक्यं बोलायची आणि बसायचं. एवढी माणसं मारून झाल्यावर आता देवाचं नाव घ्यायचं, याची मला आतून चीड येत होती.

दुपारी जेवणं झाल्यावर सभा पुन्हा बसली. एका भाषणाच्या मध्येच मागच्या बाजूला एक म्हातारी उभी राहिली. काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल, शेतात राबलेले हात. ती बोलणाऱ्यांपैकी नव्हती, गावातून ऐकायला आली होती. अध्यक्षांनी हातानं बसा म्हणून खुणावलं, पण ती बसली नाही. मला क्षमा मागायची आहे, म्हणाली, आणि कोणत्या धर्माच्या लोकांची मागायची ते मला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही सगळे जमलात तेव्हा आले.

जोगीण एकेक वाक्य सांगत गेली. लढाई त्यांच्या गावावरून चालली असताना म्हातारी घरच्या तळघरात लपली होती. गोळीबार थांबल्यावर बाहेर आली तर गोठ्यात एक हिंदी शिपाई पडलेला. पोटात लागलं होतं, वाचण्यातला नव्हता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिच्याकडं बघत होता आणि तिच्याच भाषेत भाकरी मागत होता. तिनं घरातला पाव आणला, चावता येणार नाही म्हणून पाण्यात भिजवून त्याच्या ओठांशी धरला, आणि त्यातलं पाणी त्यानं चोखून घेतलं. मग ती त्याच्या कपाळावर क्रूस काढून प्रार्थना म्हणू लागली. तेव्हा तो म्हणाला, कधीच नाही, कधीच नाही. पुन्हा पुन्हा तेच.

"त्याला माझा देव नको होता," म्हातारी म्हणाली. "तो स्पष्ट सांगत होता. तरी मी थांबले नाही. त्याला सोडून जाववेना आणि मला दुसरी प्रार्थना येत नव्हती. मरणाऱ्या माणसावर मी जबरदस्ती केली. त्याच्या लोकांनी मला क्षमा करावी."

पाळकसाहेबांनी हळूच इंग्रजीत विचारलं, "आमच्याकडच्या शिपायाला तुमची भाषा कशी आली? तो नेमकं काय म्हणाला, ते त्याच्यासारखंच म्हणून दाखवाल का?"

म्हातारीनं डोळे मिटले. आणि त्या परक्या दालनात, परक्या तोंडून, मी ऐकलं, "पानी... पानी... माय... माय गं..."

मला पुढचं काही दिसेनासं झालं. शेजारी पाळकसाहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. जोगीण आपली शांतपणे समजावून सांगत होती, की त्यांच्या भाषेत 'पानी' म्हणजे भाकऱ्या आणि 'माय' म्हणजे कधीच नाही, आणि शेवटचा 'गं' हा बहुधा कण्हण्याचा आवाज असावा.

मी कसा उठलो, आठवत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, "तो तुमची भाषा बोलत नव्हता. माझी बोलत होता. तो पाणी मागत होता, ते तुम्ही त्याला दिलंत. आणि 'माय' म्हणजे आई. तो तुम्हाला आई म्हणून हाक मारत होता."

जोगिणीच्या तोंडून ते इटालियनमध्ये बाहेर पडायला वेळ लागला. पडलं तेव्हा म्हातारी एकदम बाकावर बसली. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उठून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या कपाळापर्यंत हात नेऊन थांबली, विचारल्यासारखी. मी मान खाली केली. तिनं माझ्या कपाळावर क्रूस काढला. तो कोणत्या धर्माचा, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. दुसऱ्या दिवशी मला भाषण करता आलं नाही, आणि कोणी करायलाही सांगितलं नाही. पाळकसाहेबांनी आणि मी म्हातारीच्या गोठ्यात जाऊन फुलं ठेवली.

तो माझा भाऊ होता का? पलटणीत आमच्या बाजूची कितीतरी पोरं होती आणि माय म्हणणारी घरं पुष्कळ. म्हातारीला चेहरा नीट सांगता आला नाही, मीही फार खोदून विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसून बाजरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, आणि खोटी आशा नको म्हणून शेवटी म्हणालो, "आई, पण तो आपलाच होता असं सांगता येत नाही."

"न्हाई का आसंना," आई म्हणाली. "कुनाचा तरी हुताच की." तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईला लेकरं हायेत का?"

"एक मुलगा होता. तोही लढाईत रशियाकडं गेला, बर्फात. पुढं काही कळलंच नाही."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडले. "मंग त्याच्यापाशीबी कुनीतरी बसलं आसंल," ती म्हणाली. "तिला कळीव तसं. म्हनावं, येकला न्हाई गेला तुजा ल्योक."

इतकी वर्षं मी देवाकडं पुरावा मागत होतो. आईला अर्धामुर्धा मिळाला, तोही तिनं मुठीत धरला नाही, तसाच दुसऱ्या माउलीला देऊन टाकला. शरण जाणं म्हणतात ते मी पोथ्यांतून पुष्कळ सांगितलं होतं, पण पाहिलं त्या दिवशी. मी तसाच उठलो आणि आईचा निरोप इंग्रजीत लिहून घ्यायला पाळकसाहेबांकडं निघालो.