घड्याळकाकांनी पंखा घेतला

घड्याळकाकांच्या घरात पंखा नव्हता. परवडत नव्हता असं नाही, आणि काका चिकट होते असंही नाही. पंखा त्यांच्या धंद्याचा वैरी होता, एवढंच. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं टेबल एकदा जवळून बघा. मोहरीहून बारीक स्क्रू, केसासारखी स्प्रिंग, आणि कुणी नुसता सुस्कारा सोडला तरी कायमची बेपत्ता होतील अशी चाकं. काकांनी दुकान कधी थाटलंच नाही. बाजारातले दुकानदार बिघडलेली घड्याळं घरी पाठवत, आणि काका बाहेरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी टेबल मांडून ती चालती करत. लग्न होऊन काकू आल्या तेव्हा त्या खोलीच्या छताला एक पंखा होता. काकांनी तो लगेचच उतरवला. मागे उरला नुसता हूक. काकूंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या घरात एक शब्द मात्र फार चालायचा. 'थांबा.' डोळ्याला भिंग आणि चिमट्यात स्प्रिंग, अशा अवस्थेत काका मान न हलवता हळूच म्हणायचे, "थांबा." की सगळं घर जागच्या जागी! काकूंचा हात कढईवर थबकायचा, लेकीची शिंक नाकातच अडायची, दारात आलेला दूधवाला पुतळा व्हायचा. एकदा विम्याचा माणूस चहाचा कप ओठांना लावून बसला होता, तो चहा पार निवेपर्यंत तसाच. स्प्रिंग बसली की काका म्हणायचे, "हं." मग कढई पुन्हा वाजायला लागायची आणि लेक मनसोक्त शिंकायची. ओळखीपाळखीत याची चेष्टा व्हायची. काकांना त्यात चेष्टेसारखं काही वाटत नसे.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. उन्हाळे काकू निमूटपणे काढत आल्या होत्या. या उन्हाळ्यात मात्र त्या ओट्यापाशी उभ्या होत्या त्या धाडकन खालीच बसल्या, आणि काका पाणी घेऊन येईपर्यंत आडव्या झाल्या. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. दवाखान्यातून परत पाठवताना डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, "उष्माघातातून वाचल्या आहेत. हृदय आधीच थकलंय, दुसऱ्यांदा हे झेपणार नाही. खोली गार ठेवा, हवा खेळती ठेवा. जमत नसेल तर गार जागी हलवा."

लेक दुसऱ्या गावी नांदत होती. तिच्याकडे एसी होता, रिकामी खोली होती आणि आईवर जीवही होता. काकूंनी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरूनच जाहीर केलं, "मी माझं घर सोडून कुठ्ठेही जाणार नाही." लेकीने वडिलांना जिन्यात गाठलं.

"बाबा, रविवारी मी गाडी घेऊन येतेय. तोवर या खोलीत आईला गार वाटायला लागलं नसेल, तर मी तिला नेणार. मग तिचंही ऐकणार नाही आणि तुमचंही."

"मी पंखा आणतो," काका म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? पंखा?"

"का? पंखा आणायला काय परवाना लागतो?"

ती गेल्यावर काका बराच वेळ जिन्यातच उभे राहिले. लेकीचं काही चुकत नव्हतं, आणि तेच तर टोचत होतं. त्या घरात जे उकडत होतं ते नुसत्या सूर्यामुळे नव्हतं. काकू गेल्या तर त्या घरात आपण कुणासाठी काय दुरुस्त करत बसायचं, हे त्यांना कळेना. त्यांनी मनाशी पक्कं केलं की रविवारी गाडी रिकामी जाईल.

वायरमनने आधी वरचा हूक ठोकून पाहिला. गंजाचा चुरा त्याच्याच डोळ्यांत पडला. इमारतीच्या जुन्या तारांना एसी झेपणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं. "उभा पंखा घ्या काका. हवा तिथे न्या, हवा तसा वळवा."

काका दुकानात गेले, आणि आयुष्यभर यंत्रं कानाने पारखणारा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. एकेक पंखा चालू करायला लावायचा, डोळे मिटायचे, आणि मोटरपाशी कान न्यायचा. कुठे खरखर, कुठे बारीक टकटक. काका मान हलवत पुढे सरकायचे.

"काका, पंखा वाऱ्यासाठी घेतात," दुकानदार म्हणाला. "गाणं ऐकायला नाही."

"ज्याचं यंत्र बोंबलतं, ते यंत्र आजारी असतं," काकांनी त्याला ऐकवलं. शेवटी एक नाजूक, अरुंद पात्यांचा पंखा त्यांना पसंत पडला. चालू आहे की बंद तेही कळू नये, इतका गुणी. रिमोटवाला दाखवला तेव्हा काकांनी नाक मुरडलं. "आळशी लोकांची सोय."

घरी आल्यावर त्यांनी तो थाटात काकूंसमोर उभा केला, बटण दाबलं आणि कौतुकाची वाट बघत बसले.

"अहो, लावलात का?" काकूंनी विचारलं.

"लावलाय की!"

"फिरतोय?"

"फिरतोय तर! बघ, आवाज म्हणून नाही."

"वारापण नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी हात पुढे धरला. कुणीतरी लांबून जांभई द्यावी तसं काहीतरी तळव्याला लागलं. सगळ्यांत मोठ्या आकड्यावर केला, तरी जांभईच. काकांचा चेहरा एवढासा झाला. काकूंना हसू आवरेना, आणि दवाखान्यातून आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या, म्हणून काकांनी तेही सोसलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच काका पंखा घेऊन दारात हजर. खिशात एक सुतळी होती. पलंगापासून पंख्याची जागा किती लांब, ते त्यांनी तिच्यावर मोजून आणलं होतं.

"काल कान लावून घेतलात," दुकानदार म्हणाला. "आज काय लावणार?"

"अंग," म्हणत काकांनी सदऱ्याची वरची बटणं सोडली. दुकानदाराला हसायचं तर हसू दे, असं ठरवूनच ते निघाले होते. सुतळीचं एक टोक पंख्याला बांधायचं, दुसरं धरून मागे जायचं, आणि तिथे डोळे मिटून उभं राहायचं. इतक्या लांबून गळ्यावरचा घाम सुकला तरच तो पंखा खरा. येणारी जाणारी गिऱ्हाइकं टकामका बघत होती. काकांनी रुंद पात्यांचे पंखे निवडले, खांबाला धक्का देऊन बूड डगमगतं का ते बघितलं, वर केलेली मान आपोआप खाली झुकते का ते तपासलं. जाळीत बोट घालून पाहिलं, शिरलं नाही. शेवटी एका पंख्याने त्यांच्या सदऱ्याचं शीड करून टाकलं. त्याची घरघर मात्र गिरणीसारखी होती.

"आवाज जरा आहे हं काका," आता दुकानदारच म्हणाला.

काकांनी क्षणभर विचार केला. या घरघरीत घड्याळाची टिकटिक कानाला लागायची नाही. "करू दे आवाज," ते म्हणाले. "आणि तो आळशी लोकांचा रिमोट यालाही येतो ना? तिला उठवत नाही अजून."

आता सगळं मार्गी लागलं, असं काकांना वाटलं. दुपारी कळलं की कसलं काय! त्यांनी पंखा टेबलापासून जास्तीत जास्त दूर, पश्चिमेच्या भिंतीशी उभा केला होता. ती भिंत दिवसभर उन्हात भाजून निघायची. पंख्याने तिथली सगळी झळ गोळा केली आणि जोमाने काकूंच्या अंगावर फेकली. त्यांचे ओठ सुकले, डोळे चुरचुरायला लागले. काकांनी घाईघाईने पंखा बंद केला आणि त्यांच्या मनगटांवर ओली फडकी ठेवली. रविवार तोंडावर आला होता.

"अहो," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुम्ही पंखा टेबलाच्या सोयीने ठेवलाय."

"मग कुठे ठेवू?"

"वारा येतो तिथे. जिन्याच्या दाराशी. जिना दगडी आहे, दिवसभर सावलीत असतो, गार असतो. वारा तिथून येतो, दाराखालच्या फटीतून. सरळ तुमच्या टेबलावरून जातो आणि उत्तरेच्या खिडकीतून बाहेर पडतो."

काकांनी त्या फटीकडे बघितलं. तिच्यात फडक्याचा बोळा घट्ट कोंबलेला होता. तो बोळा ते रोज बघत होते. तो तिथे का असतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तुला कसं माहीत एवढं?"

"माहीत नसायला काय झालं? लग्न झाल्यापासून मी त्याला अडवतेच आहे."

त्या तक्रार करत नव्हत्या. भाजी कुठे स्वस्त मिळते ते सांगावं तशा सांगत होत्या. काकांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते उठले, दारापाशी वाकले आणि बोळा उपसून काढला. पायाच्या बोटांना गार वाटलं.

मग ते टेबलापाशी गेले आणि खण रिकामे करायला लागले.

"हे काय करताय?" काकू ताडकन म्हणाल्या. "टेबल हलवायचं नाही!"

"वाऱ्याच्या वाटेत टेबल आहे. तिथे पलंग हवा."

"आणि तुम्ही कुठे बसणार?"

"अडगळीच्या खोलीत."

"तिला खिडकी नाही. उकडून मराल. हाताच्या घामाने पार्ट गंजतात, तुम्हीच सांगता ना?"

"हात पुसेन."

"डोळे?"

"मोठा बल्ब लावेन. आता तू गप्प पडून राहा बघू." एवढं वरच्या पट्टीत बोलल्यावर काकांनी शेजाऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून टेबल अडगळीत आणि पलंग टेबलाच्या जागी नेला.

पुढे काका पंख्यामागे हात धुऊन लागले. जिन्याचं लाकडी दार उघडं, जाळीचं बंद, आणि त्याला पाठ करून पंखा. पश्चिमेच्या खिडकीवर दिवसा जाड चादर. पंख्याची मान पलंगाच्या उंचीला, वारा पायांकडून, थेट तोंडावर नाही. काकूंना झोप लागली की वेग कमी. उशाला त्यांनी एक दोरा बांधला. तो खिडकीकडे झुकलेला असला की वारा सरळ वाटेने जातोय. लोंबकळला की काका पंखा वीतभर सरकवायचे आणि पुन्हा दोऱ्याकडे बघत बसायचे. काका पंख्याची जेवढी सेवा करत होते, तेवढी आपण सासूचीसुद्धा केली नव्हती, असं काकूंचं मत होतं.

रविवारी भर दुपारी लेक आली. खाली भाड्याची गाडी उभी ठेवून, हातात रिकामी बॅग घेऊन, जिना चढता चढता भांडणाची तयारी करत. जाळीचं दार ढकललं आणि ती तिथेच थबकली. आई गाढ झोपली होती. कपाळावरची बट उडत होती, उशाचा दोरा खिडकीकडे ताठ झुकला होता. लेकीने आईच्या मानेला हात लावून पाहिला. मान कोरडी होती, गार होती. मग तिचं खिडकीकडे लक्ष गेलं. तिच्या जन्मापासून तिथे असलेलं टेबल तिथे नव्हतं.

तिने अडगळीच्या खोलीचं दार ढकललं. आतून भट्टीसारखी धग तोंडावर आली. ट्रंका आणि जुन्या गाद्यांच्या मधे, बल्बच्या खाली, काका बनियनवर बसले होते. गळ्यात पंचा, कपाळाला घाम गळू नये म्हणून फडकं बांधलेलं, डोळ्याला भिंग, चिमट्यात स्प्रिंग.

"थांबा," काका म्हणाले.

लेकीने सवयीने श्वास रोखला. दारावरचा हात दारावरच राहिला. आणि त्या शांततेत बाहेरच्या पंख्याची घरघर हळूहळू खाली उतरली आणि थांबली.

काकांच्या सगळं लक्षात आलं. झोपेतसुद्धा काकूंच्या कानावर तो शब्द पडला होता आणि त्यांचा हात आपसूक उशीखालच्या रिमोटकडे गेला होता. काका ताडकन उठले. चिमट्यातली स्प्रिंग कुठे उडाली ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"अगं, तुला नाही म्हटलं ते!" ते पलंगापाशी येऊन ओरडले. "तू कशाला थांबतेस? आता तू कधीच थांबायचं नाहीस!"

"सवय हो," काकू झोपेतून जाग्या होत पुटपुटल्या.

केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या काकांना रिमोटचं बटण एका दाबात सापडेना. शेवटी पंखा घरघरला. काका पलंगाच्या कडेला बसले, आणि त्या घरात पहिल्यांदाच अंगावर वारा घेत त्यांना रडू आलं. भिंग डोळ्यावरून काढायचं राहून गेलं होतं, ते आतून धुरकटलं.

"स्प्रिंग गेली का?" काकूंनी विचारलं.

"गेली. जाऊ दे."

लेक खिडकीशी गेली, खाली वाकली आणि गाडीवाल्याला ओरडून सांगितलं की तू जा, कुणी येणार नाही. मग लहानपणी करायची तशी ती अडगळीच्या खोलीत गुडघ्यांवर बसली आणि फरशीला गाल टेकवून स्प्रिंग शोधू लागली.

"थांबा, थांबा!" थोड्या वेळाने ती आतून ओरडली. "हलू नका कुणी, मला दिसली!"

काकूंचा हात उशीखाली सरकला. काकांनी तो मधेच धरला आणि आपल्या हातात घट्ट दाबून ठेवला. पंखा चालूच राहिला.