अर्ध्या कॅनचा ब्रेक

जळकोटच्या स्टँडवर सोलापूरच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या ड्रेसला दुधाचा वास येत होता. त्या सकाळीही वस्त्यांवरचं दूध गोळा करून मीच डेअरीवर घातलं होतं. अप्पांचं डावं मनगट मोडल्यापासून त्यांना क्लच दाबता येईना, त्यामुळे तीन वर्षं ही फेरी माझ्याकडेच होती. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन आणि खाली पांदीचा रस्ता. आता एका कंपनीच्या मुलींच्या संघात माझी निवड झाली होती आणि मी कोइम्बतूरला निघाले होते, मोटारसायकलच्या शर्यतीत पळायला. उद्यापासून दूध कोण नेणार, हा विषय घरात कुणीच काढला नव्हता. दोन दिवस खाडा पडला तर त्या वस्त्या दुसरा कुणीतरी धरणार, हे मात्र तिघांनाही ठाऊक होतं.

आई खिडकीखाली उभी राहून शेंगदाण्याच्या चटणीचंच सांगत राहिली. अप्पा म्हणाले, "रिकामी गाडी कुणीबी पळवतंय, शीतल. त्यात लई मोठं काय न्हाय." घ्या! आशीर्वादाला वाकले तर हे पदरात पडलं. सोलापूर येईपर्यंत मी धुमसत होते.

गावातल्या मैत्रिणी अजून विचारतात, तू तिथं नक्की करतेस काय? बायांनो, मी गोल फिरते. जिथून निघाले तिथंच येते आणि त्याचा पगार घेते! लेदरचा सूट अंगात चढवायला दोन माणसं लागतात. मेसमधली अक्का मला 'शीतला' म्हणते आणि भाकरीच्या आठवणीवर सांबार ओतते. पण पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी सोडली आणि समोर ना म्हैस, ना स्पीडब्रेकर, ना उसाची ट्रॉली! हेल्मेटच्या आत मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते. माझ्यासारखे जे घर सोडून गेले, त्यांना हे हसणं कळेल. त्यात आनंद असतो आणि थोडी चोरीही असते.

सरळ रस्त्यावर मी कुणाला ऐकत नव्हते. घोडं अडायचं ते वळणावर. इतक्या वेगात वळण अंगावर आलं की बोटं घाबरायची, ब्रेक तुकड्यातुकड्यानं दाबला जायचा आणि गाडी डोलायची. पहिल्या शर्यतीत शेवटून दुसरी आले. आमचे सर मोडक्या हिंदीत म्हणाले, पुढच्या वेळी पहिल्या पाचांत ये, नाहीतर तुझी गाडी दुसऱ्या मुलीला देतो.

अप्पांना फोन लावला आणि रडले. मग भीत भीत विचारलं, दूध कोण नेतंय?

"दूध जातंय. तू तुझं बोल."

मी वळणाचं सांगितलं. "अर्धा कॅन घिऊन वळताना ब्रेक सारखा सारखा दाबायचीस का तू?"

"न्हाय. दूध हिंदकळतंय, गाडी ओढती."

"मग? एकदाच दाबायचा, घट्ट. आन वळण सरस्तोवर हळूहळू सोडायचा. तुझी ती गाडी काय येगळी हाय व्हय?"

शर्यतीच्या दिवशी पहिल्याच वळणाला मी एकदाच, घट्ट ब्रेक दाबला आणि जीव मुठीत धरून हळूहळू सोडला. गाडी डोललीच नाही! नुसती वळली. तिसऱ्या लॅपला सहावी, पाचव्याला चौथी. शेवटच्या वळणावर पुढच्या मुलीनं घाईत ब्रेक सोडला, तिची गाडी बाहेर गेली आणि मी आतून निघाले. तिसरी! सर कठड्यावर चढून तमिळमध्ये काय ओरडत होते देव जाणे. माझी गाडी माझ्याकडेच राहिली.

आठवड्याची सुट्टी घेऊन, न कळवता गावी आले. डेअरीपाशी अप्पा दिसले. रस्त्याकडे बघून ते ओरडत होते, "सोड! सोड! हळूहळू सोड की!" आणि वळणावरून दोन कॅन लावलेली आमची गाडी आली. साडी खोचलेली, पदरावर हेल्मेट. आमची आई! तिनं गाडी अशी अलगद आणून उभी केली की कॅनचं झाकणसुद्धा वाजलं नाही. मला तीन वर्षांत अप्पांनी हे कधी शिकवलं नव्हतं. मी दूध सांडून सांडून शिकले. आईला मात्र रोज सांगून सांगून त्यांच्या तोंडात बसलं होतं, तेच त्यांनी मला फोनवर दिलं.

मला रडू फुटलं. "मला का सांगितलं न्हाय गं?"

आई हेल्मेट काढत म्हणाली, "फेरी गेली आसती तर तुला माघारी बोलवावं लागलं आसतं. म्हणून शिकले म्या."

दुसऱ्या दिवशी मी गाडीची किल्ली मागितली, तर तिनं दिली नाही. पाहुणी आहेस, झोप म्हणाली. जरा लागलंच मला ते. पण कोइम्बतूरला आता कुणी घराचं विचारलं की मी आनंदानं सांगते: मला जाता यावं म्हणून जिथं पंचेचाळिशीत आई क्लच दाबायला शिकली, ते माझं घर.