रडक्या गाण्याची हळद

केसर बोंबील वाळत घालायची तेसुद्धा ठेक्यात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, की पुढची जोडी. तोंडाने गाणं चालूच. नागावजवळच्या त्या कोळीवाड्यात तिचा आवाज आला नाही, तर लोक चौकशीला यायचे, ताप-बीप आलाय का म्हणून.

ठेका मात्र तिच्या नवऱ्याचा, सदाचा. सदा बेंजो वाजवायचा. त्याच्या पार्टीशिवाय आसपासच्या सात गावांत हळद लागत नसे. मग भिंतीएवढे स्पीकर घेऊन डीजे आला आणि सदाने बेंजो खिळ्याला टांगला. चार वर्षं झाली. केसर रुसली, भांडली, एकदा दोन दिवस जेवली नाही (तिसऱ्या दिवशी सुरमई होती, नाइलाज झाला). सदाचं एकच उत्तर, "आता कोन ऐकतंय?" बेंजोबरोबर त्याचं हसूही खिळ्यावर जाऊन बसलं होतं, आणि केसरला जगात दुसरं काही नको होतं, फक्त ती दोन्ही खाली यायला हवी होती.

त्यामुळे लेकीने, विनिताने, आईचं बोंबलाच्या दोरीखालचं गाणं मोबाइलवर घेऊन टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला धाडलं आणि तिकडून बोलावणं आलं, तेव्हा केसर एका पायावर तयार झाली. अख्ख्या महाराष्ट्राने सदाची चाल ऐकली, तर बघू कसा म्हणतो कोन ऐकतंय!

ठेवणीतलं लुगडं, अबोलीचा गजरा, अशी ती स्टेजवर उभी राहिली आणि आपलं सगळ्यात लाडकं गाणं तिने सोडलं. जुनं, घराघरात माहीत असलेलं हिंदी गाणं. शब्द निम्मे उर्दू; पण अर्थ हवाय कुणाला? नवरीला हळद लावली की शेवटी हेच, आणि मग अंगणात धुरळा. वाजवणारे आधी बावरले, मग तिच्या मागे धावत सुटले. प्रेक्षक खुर्च्यांतून उठून नाचायला लागले. गाणं संपलं तेव्हा तीन परीक्षकांपैकी एकाच्या पायात चप्पल नव्हती.

थोरले परीक्षक घाम पुसत म्हणाले, "बाई, हे गाणं ऐकून आम्ही चाळीस वर्षं रडतोय. तुम्ही त्याचं लग्नच लावलंत! केवढं हे धाडस!"

"रडताय?" केसर म्हणाली. "कशापायी?"

सगळे खो खो हसले. मग थोरल्या परीक्षकांनी मूळ चालीत दोन ओळी गायल्या. संथ, जड. तो कायमचा निघून गेलाय आणि ती दाराकडे डोळे लावून बसलीय, हेही त्यांनी समजावून सांगितलं. केसरचा हात तोंडावर गेला. अगं बाई! भाविकाला, प्रांजलीला, वाड्यातल्या निम्म्या पोरींना तिने असलं अभद्र गाऊन हळद लावली होती. आणि वर नाचलीही होती!

"ही कल्पना सुचली कशी तुम्हाला?" निवेदिकेने विचारलं. बाजूला उभी राहून विनिता ओठ हलवून सांगत होती, 'प्रयोग म्हण, प्रयोग!' तिथे सगळेच प्रयोग म्हणायचे.

"मना न्हाय सुचली," केसर म्हणाली. "मना तर म्हाईतच न्हवतं. आमचे हे असंच वाजवायचे. ते काय, ते बसलेत. तेंनाच विचारा."

कॅमेरा वळला. कडक इस्त्रीच्या शर्टात सदा आणखी आत गेला. पण माइक हातात आलाच.

"मना म्हाईत व्हतं, साहेब," तो म्हणाला. "पन पोरगी उद्या बापाचं घर सोडनार, आय कोपऱ्यात डोले पुसतेय. तिथं रडकं गानं कसं वाजवू? म्हनून ठेका पलवला."

सभागृह उभं राहिलं. केसर पुढच्याच फेरीत बाहेर पडली, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर मात्र तिने सदाला धारेवर धरलं. सकाळी वाळवणात, हातात बोंबील. "पंचवीस वर्सं मना बोलला न्हाय! आता ते गानं मूल चालीत वाजवा. आख्खं. आन् कोन ऐकतंय ते माज्याम्होरं बोलू नका, सगल्या जगानं ऐकलंय."

सदा आत गेला. बेंजो खिळ्यावरून काढून घेऊन आला, लुंगीने पुसला, उलट्या टोपलीवर ठेवला आणि वाजवायला लागला. हळूहळू. एक अंतरा झाला तशी केसरला हुंदका फुटला. शेजारची म्हातारी जनीही डोळ्याला पदर लावून बसली.

"बास, बास!" केसरने नाक पुसलं. "आपलं वाजवा."

सदाची बोटं पळाली. जनीने मांडीवरची टोपली फेकली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. नाचता नाचता केसरला एक शंका आली.

"अवो, आपली आजून कंची कंची गानी रडकी हायत?"

हात न थांबवता सदा चार वर्षांनी हसला.

"सगलीच."