माशांना पांघरलेली शाल

लंडनच्या या अख्ख्या हॅरोत माणसापेक्षा माशाला जास्त मान देणारा एकच इसम आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघावा, याला मी माझं नशीबच म्हणतो. शेजारी असता तर कुंपण उंच केलं असतं. मित्र असता तर तोंडावर चार शब्द सुनावले असते. व्याह्याला काय बोलणार? मुलगी त्यांची, मुलगा माझा. चहा पुढे आला की प्यायचा आणि मासे दाखवले की बघायचे.

मी चौथी शिकलेला. साताऱ्याकडून आलो आणि इथल्या ब्रेडच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहून आयुष्य काढलं. कोणापुढे मान खाली घातली नाही. व्याही इंजिनियर, कौन्सिलातून निवृत्त. वाटलं होतं, शिकल्यासवरल्या घरात सोयरीक झाली, आता शहाणपणाच्या चार गोष्टी कानावर पडतील. तर पहिल्याच भेटीत ते मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. आत काचेच्या नऊ टाक्या आणि त्यांत बोटाच्या पेराएवढे मासे. मी सरळ माणूस, सरळ विचारलं, "खायला कधी काढता?"

मी हुंडा मागितला असता तरी त्यांचा चेहरा तसा झाला नसता. "अहो व्याहीबुवा, हे एक्स्टिंक्ट इन द वाइल्ड आहेत! बाहेर जगात एकही उरला नाही!"

मग कळलं ते असं. मेक्सिकोच्या वाळवंटात एक झरा होता, आपल्याकडच्या गावतळ्याहून लहान. हे मासे फक्त त्या झऱ्यात राहायचे. भोवतीच्या शेतांना पाणी हवं म्हणून पंप बसले, जमिनीतलं पाणी खाली खाली गेलं आणि झरा कोरडा पडला. कोणीतरी वेळेवर बादलीभर मासे उचलले होते, म्हणून ते आता अशा मोजक्या वेड्यांच्या टाक्यांत तेवढे शिल्लक आहेत.

त्या वेडाला काही धरबंद? लंडनच्या पाण्याने किटलीत पांढऱ्या खपल्या धरतात, म्हणून घरोघर लोक बोटं मोडतात. आमचे व्याही त्या खपल्या बघून खूश. "हार्ड वॉटर, व्याहीबुवा! अगदी त्यांच्या माहेरचं पाणी!" विहीणबाईंनी नातीच्या स्वेटरसाठी हिरवी लोकर आणली, तर यांनी तिचे झुबके करून टाकीत सोडले, माशांना अंडी घालायला बरे पडतात म्हणून. स्वेटर एका बाहीवर थांबला तो थांबलाच. माझ्या घरी सत्यनारायण होता, तर तिसरा अध्याय चालू असताना उठले. म्हणाले, "पिल्लं निघायची वेळ झाली." प्रसादसुद्धा घेतला नाही. त्या माशांतला नर निळाभोर होतो आणि ताटाएवढ्या जागेसाठी दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावर धावून जातो. त्याच्याकडे बोट दाखवून विहीणबाईंच्या देखत मला म्हणतात, "स्वभाव अगदी तुमच्यासारखा."

हेही मी गिळलं. पण शालीचं गिळलं नाही. लग्नात व्याहीभेटीला आम्ही एकमेकांना मानाच्या शाली पांघरल्या होत्या. ईलिंगच्या एकाच दुकानातून घेतलेली जोडी, लाल काठाची. एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. बाहेर बर्फ, वीज गेलेली. शेडमध्ये पाहतो तर मी स्वतःच्या हाताने यांच्या खांद्यावर घातलेली शाल टाकीला गुंडाळलेली!

"अहो, हा माझा मान आहे की गोणपाट?"

"हीटर बंद पडलाय, व्याहीबुवा. घरात याहून उबदार काही सापडलं नाही. आणि यांच्यावर काय टॉवेल टाकायचा?"

मी तिळगूळ तसाच खिशात घालून परत आलो. दिवाळीपर्यंत बोललो नाही. विहीणबाईंनी दोनदा पुरणपोळ्या पाठवल्या. पोळ्या खाल्ल्या, पण बोललो नाही.

यंदा त्यांचे गुडघे पार गेले. त्यांचा मुलगा म्हणाला, आता नॉटिंगहॅमला माझ्याजवळ चला. तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, शेड नाही. मासेवाल्या मित्रांनी जमतील तेवढ्या टाक्या नेल्या. दोन टाक्यांना कोणी मिळेना. त्या गेल्या तर त्यांतले मासेही गेलेच. एका दुपारी काठी टेकत व्याही माझ्याकडे आले. चहा प्यायले, हवेवर बोलले, माझ्या मागच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि उठले. मागायचं नाव नाही! माझ्याहून हट्टी.

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मळ्यातली विहीर आली. तळाशी बारके मासे असायचे, आम्ही पायरीवर बसून त्यांना भाकरीचा चुरा टाकायचो. भोवती बोअर पडल्या, विहीर आटली. त्या माशांचं काय झालं, हे मी आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

"रविवारी घेऊन या," मी म्हटलं. "आणि ती लोकरसुद्धा."

तेव्हापासून माझ्या घरात माझं काही चालत नाही. सकाळी सातला फोन. "खाल्लं का?" मी म्हणतो, "चहा झाला माझा." "तुम्ही नाही हो, ते!" परवा थंडी कडाक्याची आणि नेमकी गल्लीतली वीज गेली. टाकीचं पाणी हाताला गार लागायला लागलं. रजई ओढली तर ती सुनेने नुकतीच धुतलेली, ओली. शेवटी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास माशांना बाधेल म्हणून जिन्यात उभा राहून आतली घडी दहा वेळा झटकली.

तेवढ्यात फोन. "वीज गेली म्हणे. काय टाकलंत वर?"

"रजई," मी ठोकून दिलं.

 मग हळूच म्हणाले, "तिचा काठ पाण्यात जाऊ देऊ नका हं, व्याहीबुवा. लाल रंग सुटतो."

मी वळून पाहिलं. काठ खरंच लोंबत होता. तो वर खोचला आणि फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. त्यांनीही ठेवला नाही.