जीप भरेपर्यंतचा धडा

नोकरदार माणसांसाठी ऑनलाइन धडे तयार करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जाफराबादला घरी बसूनच करतो, त्यामुळे गल्लीत माझी गणना रिकामटेकड्यांत होते.

माझी वहिनी जवळच्या गावातल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. बाळंतपणं करण्यात तिचा सगळा जीव. नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रशिक्षणाची परीक्षा ती एकदा नापास झाली होती. पुन्हा नापास झाली तर लेबर रूम सुटणार आणि बाहेर केसपेपर लिहीत बसावं लागणार. प्रशिक्षण म्हणजे तासातासाचे व्हिडिओ. दिवसभर ड्यूटी, मग स्वयंपाक. व्हिडिओ सुरू झाला की तिचा डोळा लागायचा. त्याच प्रशिक्षणाचे नवे धडे करायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. काम देणाऱ्या साहेबांना तेही तासाचेच हवे होते.

एका सकाळी तिला जीप स्टँडवर सोडलं. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि गाव सुटलं की रेंजही सुटते. पिशवी मांडीवर घेऊन ती नुसती समोर बघत बसली होती. मला वैताग आला. रोज असंच बसता का, विचारलं.

"काय करणार भाऊजी, जीप भरायची वाट पाहून राह्यले."

म्हणजे वेळ होता. घरी नव्हता, दवाखान्यात नव्हता, इथं होता. मी साहेबांशी कडाकडा भांडलो आणि जीप भरेपर्यंत संपतील एवढेच धडे केले. भाषण नाही, थेट प्रसंग. बाळ जन्मलंय, रडत नाही, आधी काय कराल? मग पुढे काय? सगळं बरोबर जमलं की इअरफोनमध्ये बाळ रडतं. चुकलं तर शांतता. साहेबांनी त्याला पोरखेळ म्हटलं, पण होऊ दिलं.

परीक्षेच्या आठवड्यात मी पुन्हा तिला सोडायला गेलो. बाजाराचा दिवस, जीप पटकन भरली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तशी वहिनी खाली उतरली. रोज खिडकीच्या जागेसाठी धावणारी बाई. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, बसा, उशीर होईल.

"तुम्ही व्हा पुढं, मी मागच्या जीपनं येते," मोबाइलवरची नजर न काढता ती म्हणाली. "बाळ आजून रडलं न्हाई."

सगळी जीप तिच्याकडे बघत राहिली. मला हसू आलं आणि डोळेही भरले. परीक्षा व्हायची होती, तरी माझी काळजी तिथंच मिटली.

थोड्या वेळानं तिनं मान वर केली. "रडलं," म्हणाली, आणि मागच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसली.