हिंगणीच्या जंगलातल्या गोचिडी

भीती ओसरली की मागे किस्से उरतात. आमच्याकडे ते बरेच साठले, कारण आम्ही घाबरायचोच फार.

सत्तावन्न साली म्हैसूरकडच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ मेंदूपर्यंत चढणाऱ्या तापानं माणसंही. संशय गोचिडीवर गेला. तसला विषाणू आपल्याकडे आहे का, हे बघायला आमचा कॅम्प वर्ध्याजवळ हिंगणीला पडला. डॉक्टर देवल, मनोहर आणि मी.

गोचिडी धरायच्या म्हणजे पांढरं फडकं गवतावरून ओढत न्यायचं. एक म्हातारा बराच वेळ बघत उभा होता.

"काऊन जी, धोतर वाळवून राह्यले का?"

"गोचिडी पकडतोय, आजोबा."

"मंग माही म्हैस घेऊन जा ना."

*

संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासायचं, हा नियम. एकदा मनोहरच्या कानामागे काळा ठिपका दिसला. डॉक्टरांनी चिमटा मागवला. मनोहर घामाघूम. चिमटा लागताच तो कळवळला, "सर, तो तीळ आहे. बायको म्हणते, भाग्याचा आहे."

*

आमचा स्वयंपाक सीताबाई करायची. तिनं एकदा विचारलं, "एवढासा किडा मेंदूले काय करन?"

डॉक्टर म्हणाले, "त्याच्यातला विषाणू पेशीत शिरतो. मग पेशी स्वतःचं काम सोडून त्याचीच पिल्लावळ वाढवत बसते. शेवटी मरते."

"म्हंजे जावई घरी राह्यले आला म्हना ना."

आम्ही हसलो. ती मात्र उठली आणि आधी आपल्या शेळीचे कान तपासून आली.

*

मग एके सकाळी डॉक्टरांनाच ताप भरला. डोकं फुटेल असं दुखत होतं. पुढं तो मलेरिया निघाला, पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक? आमच्या डोळ्यांपुढे मेलेली माकडंच येत होती.

डॉक्टर म्हणाले, "अधूनमधून मला नाव आणि वार विचारत राहा. उत्तर चुकलं, तर मेंदूपर्यंत गेलं समजा आणि मला वर्ध्याला हलवा."

दुपारी मी विचारलं, "सर, नाव?"

"देवल."

"वार?"

"बुधवार."

माझ्या हिशेबानं उत्तर चुकलं होतं. मी मनोहरकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. "गुरुवार आहे रे," तो पुटपुटला आणि जीप काढायला पळाला. मी डॉक्टरांना चादरीत गुंडाळू लागलो.

सीताबाई भाकरी थापत होती. म्हणाली, "बुधवारच हाये जी. काल मंगयवारचा उपास नाई का धरलता म्या?"

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी डोळे न उघडताच विचारलं, "जीप आली?"

"आली, सर."

"मग तुम्ही दोघं बसा."